आचार्य प्रफुल्लचंद्र राय आणि न गोठणारे लवण

१९१८ साली मद्रासच्या जी. ए. नटेसन आणि कंपनी या प्रकाशनसंस्थेने डॉ. प्रफुल्लचंद्र राय यांच्या इंग्रजी निबंधांचा व व्याख्यानांचा एक संग्रह, आरंभी चरित्रलेख जोडून, प्रसिद्ध केला. देशातील अग्रगण्य पुढाऱ्यांची भाषणे आणि छोटी चरित्रे स्वस्त दरात वाचकांच्या हाती देणारी ही संस्था. कलकत्त्याच्या एका रसायनाध्यापकाला तिने त्या मालिकेत बसविले, यावरून त्यांची कीर्ती तोवर प्रांताची सीमा ओलांडून गेली होती हे दिसते. ही कीर्ती चार गोष्टींवर उभी होती: शिष्यांची मोठी परंपरा, स्वदेशी औषधांचा कारखाना, प्राचीन भारतीय रसायनविद्येचा इतिहास आणि संन्याशासारखी राहणी. पुढील काळातील बहुतेक चरित्रकारांनीही हीच चौकट स्वीकारली. तीत एका गोष्टीला जागा मिळाली नाही. ती म्हणजे १९११ साली त्यांच्या प्रयोगशाळेत तयार झालेला, बर्फ आणि मिठाच्या मिश्रणातही न गोठलेला एक जड पिवळा द्रव. रसायनशास्त्राच्या इतिहासात आज त्या द्रवाची नोंद आरंभबिंदू म्हणून घेतली जाते. रायांचे चरित्र ही नोंद जमेस धरून पुन्हा पाहणे त्यामुळे अगत्याचे झाले आहे.

प्रफुल्लचंद्रांचा जन्म २ ऑगस्ट १८६१ रोजी, त्या वेळच्या जेसोर जिल्ह्यातील, आज बांगला देशात असलेल्या राडुली या गावी झाला. वडील हरिश्चंद्र हे जमीनदार, परंतु नव्या विद्येचे चाहते. घरी त्यांनी चांगला ग्रंथसंग्रह केला होता. मुलांच्या शिक्षणासाठी कुटुंब १८७० साली कलकत्त्यास आले व प्रफुल्लचंद्र हेअर स्कूलमध्ये जाऊ लागले. १८७४ मध्ये अतिसाराच्या दुखण्याने त्यांची शाळा सुटली. पचनाची दुर्बलता जन्मभर टिकली. मात्र सक्तीच्या त्या विश्रांतीत त्यांनी वडिलांच्या संग्रहातील इंग्रजी वाङ्मय झपाटल्यासारखे वाचले आणि लॅटिन व ग्रीक या भाषांशीही परिचय करून घेतला. पुढे विद्यासागरांच्या मेट्रोपॉलिटन संस्थेत त्यांनी नाव घातले, तेथे सुरेंद्रनाथ बॅनर्जी इंग्रजी साहित्य शिकवीत. रसायनाची सोय तेथे नव्हती, म्हणून ते बाहेरचे विद्यार्थी या नात्याने प्रेसिडेन्सी कॉलेजात अलेक्झांडर पेडलर यांच्या व्याख्यानांना बसत. साहित्याची ओढ आणि प्रयोगाची ओढ यांची ही वाटणी त्यांच्या आयुष्यात शेवटपर्यंत मिटली नाही.

१८८२ मध्ये गिलख्रिस्ट शिष्यवृत्ती मिळवून ते एडिंबरोस गेले. तेथे अलेक्झांडर क्रम ब्राउन यांच्यासारखा गुरू लाभला. शिकत असतानाच विद्यापीठाने लावलेल्या निबंधस्पर्धेसाठी त्यांनी १८५७ च्या उठावापूर्वीच्या व नंतरच्या हिंदुस्थानावर निबंध लिहिला. त्यातील ब्रिटिश कारभारावरची टीका इतकी सडेतोड होती की पारितोषिक दुसऱ्याकडे गेले, पण निबंधाची चर्चा मात्र झाली. १८८७ साली त्यांना डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय तांबे व मॅग्नेशियम यांच्या गटातील धातूंची द्विलवणे हा होता. म्हणजे लवणांची रचना हा प्रश्न पहिल्या दिवसापासून त्यांच्यासमोर होता.

१८८८ मध्ये ते मायदेशी परतले. उच्च पदवी, उत्तम शिफारसपत्रे, आणि तरीही जवळजवळ वर्षभर काम नाही. हा काळ त्यांनी जगदीशचंद्र बोस यांच्या घरी काढला. शिक्षणखात्याची वरची श्रेणी व्यवहारात युरोपियनांसाठी राखलेली होती. १८८९ साली प्रेसिडेन्सी कॉलेजात दरमहा २५० रुपयांवर सहायक प्राध्यापकाची हंगामी जागा मिळाली, तीही प्रांतिक श्रेणीत. हा अन्याय त्यांनी कधी विसरला नाही, परंतु त्याचे रडगाणेही गायले नाही. १८९२ मध्ये अपर सर्क्युलर रोडवरील राहत्या घरातच त्यांनी सातआठशे रुपयांच्या भांडवलावर बेंगॉल केमिकल वर्क्सचा पाया घातला. खाटकांकडून आणलेली हाडे जाळून फॉस्फेट बनविणारा हा प्राध्यापक शेजाऱ्यांच्या तक्रारींचा धनी झाला. सहकारी डॉ. अमूल्यचरण बसू १८९८ साली प्लेगने दगावले. तरी उद्योग टिकला व १९०१ मध्ये मर्यादित कंपनी झाला. महाराष्ट्र-गुजरातच्या बाजूस टी. के. गज्जर यांच्या प्रेरणेने १९०७ साली बडोद्यास अलेंबिकचा कारखाना निघाला, तो याच वृत्तीचा आविष्कार होय.

संशोधक राय यांचे नाव पाऱ्याशी जोडले गेले. १८९५-९६ च्या सुमारास थंड, विरल नायट्रिक अम्ल पाऱ्यावर ओतून ठेवले असता त्यांना पिवळे स्फटिक आढळले. ते मर्क्युरस नायट्राइट होते. त्याचे वृत्त १८९६ साली एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आले. नायट्रस अम्लाची लवणे अस्थिर म्हणून प्रसिद्ध. त्यातही पाऱ्याचे असे लवण स्फटिकरूपाने हाती लागावे याचे नवल वाटणे स्वाभाविक होते. येथून पुढे दोन तपे नायट्राइटे हाच त्यांचा ध्यास झाला. अमोनियम नायट्राइट हे तर हाताळताच विघटन पावणारे द्रव्य. ते शुद्ध रूपात मिळवून, कमी दाबाखाली त्याचे ऊर्ध्वपातन करून, त्याची बाष्पघनता मोजण्यापर्यंत त्यांनी मजल मारली. १९१२ साली लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे हे काम त्यांनी मांडले तेव्हा विल्यम रॅम्झी यांच्यासारख्या शास्त्रज्ञाने त्याचे कौतुक केले.

पाऱ्याच्या याच नादातून त्यांच्या दुसऱ्या मोठ्या कार्याचा उगम झाला, असे म्हणावयास हरकत नाही. भारतीय रसग्रंथांचा सारा संसार पारदाभोवती फिरतो. मार्सेलँ बर्टेलो या फ्रेंच रसायनज्ञाने ग्रीक किमयागारांवर लिहिलेले ग्रंथ रायांनी वाचले, त्यांच्याशी पत्रव्यवहार केला आणि रसेंद्रसारसंग्रहावरील एक टिपण त्यांच्याकडे धाडले. बर्टेलो यांनी १८९८ मध्ये एका प्रतिष्ठित फ्रेंच नियतकालिकात त्याची दखल घेतली व अधिक विस्ताराने लिहिण्याची भर दिली. मग हस्तलिखितांचा शोध सुरू झाला. ‘रसार्णव’ या तंत्रग्रंथासाठी जम्मूच्या रघुनाथ मंदिरातील संग्रहाबरोबर मद्रासच्या शासकीय प्राच्य हस्तलिखित ग्रंथालयाकडेही त्यांना वळावे लागले. कॉलिन मॅकेंझी यांच्या संचयातून वाढलेले हे ग्रंथालय दाक्षिणात्य भाषांच्या अभ्यासकांना परिचित आहे. रसायनाच्या इतिहासाचेही ते एक आधारस्थान ठरले ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. पुण्याच्या आनंदाश्रमाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘रसरत्नसमुच्चय’ छापला होताच. अशा रीतीने काश्मीर, मद्रास, काशी आणि पुणे येथील पोथ्या व छापील प्रती कलकत्त्याच्या एका प्रयोगशाळेत एकत्र आल्या. ‘हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास’ या इंग्रजी ग्रंथाचा पहिला खंड १९०२ मध्ये व दुसरा १९०९ मध्ये बाहेर पडला. दुसऱ्या खंडात ब्रजेंद्रनाथ सील यांनी प्राचीनांच्या भौतिक-रासायनिक सिद्धान्तांवर मोलाचे प्रकरण लिहिले. रसार्णवाची संहिताही रायांनी पंडित हरिश्चंद्र कविरत्न यांच्या साहाय्याने संपादिली.

या ग्रंथाचे वेगळेपण त्यातील अभिमानात नाही. पोथीत वर्णिलेली कृती प्रयोगशाळेत करता येते काय, हा प्रश्न विचारणारा संपादक तोवर आपल्याकडे झाला नव्हता. मोरचूद, रसक, कज्जली यांची वर्णने राय शब्दकोशावर विसंबून सोडवीत नाहीत. ज्योतीचा रंग, भस्माचे वजन, मुशीतून गळणारा धातू यांवरून सोडवितात. आणि ही विद्या पुढे का खुंटली याचे उत्तर देताना ते परकीयांच्या माथी दोष मारीत नाहीत. जातिव्यवस्थेने हाताने काम करणारा कारागीर आणि बुद्धीने विचार करणारा पंडित यांची फारकत केली, जगाला मिथ्या मानणाऱ्या तत्त्वज्ञानाने निरीक्षणाची उमेद खच्ची केली, असे त्यांचे निदान आहे. ते एकांगी आहे, हे मान्य करावे लागेल. अनेक ग्रंथांचे त्यांनी ठरविलेले काळही पुढील संशोधकांनी वादग्रस्त ठरविले. परंतु राष्ट्रीय भावनेच्या ऐन भरात आपल्याच समाजाविषयी असे लिहिण्याचे धैर्य दाखविणारे विद्वान त्या पिढीत थोडेच होते.

आता त्या पिवळ्या द्रवाकडे वळावयाचे. या कामी त्यांचा सहकारी होता जितेंद्रनाथ रक्षित. पदवी परीक्षेत अपयश आलेला हा तरुण. पण टाकून दिलेल्या काचनळ्यांच्या तुकड्यांतून परदेशी उपकरणांच्या तोडीची मांडणी उभारण्याची कला त्याच्या बोटांत होती. रायांनी प्रमाणपत्रापेक्षा ही बोटे पाहिली. अमोनियम नायट्राइट साधल्यावर पुढची पायरी उघड होती: अमोनियातील हायड्रोजनच्या जागी कार्बनी गट असलेली अमाइने घ्यावयाची व त्यांची नायट्राइटे करावयाची. एथिल अमाइनाचे हायड्रोक्लोराइड आणि सिल्व्हर नायट्राइट यांचा संयोग केला की सिल्व्हर क्लोराइडाचा साका खाली बसतो आणि एथिलअमोनियम नायट्राइट विद्रावात उरते. विद्राव आटवून स्फटिक मिळावेत ही अपेक्षा. मिळाला तो जड, पिवळा द्रव. बर्फ व मीठ यांचे मिश्रण शून्याखाली वीस अंशांच्या आसपास उतरू शकते. त्यात बुडवूनही हा द्रव घट्ट होईना. शिवाय तो टिकाऊ नव्हता, आपोआप विघटन पावे. राय व रक्षित यांनी हे सारे जसे दिसले तसे लिहून लंडनच्या केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात १९११ साली छापले, आणि ते पुढच्या संयुगाकडे गेले.

लवण म्हटले की स्फटिक, कठीण पदार्थ डोळ्यांसमोर येतो. त्यात धन आणि ऋण आयन एकाआड एक अशा शिस्तीने बसलेले असतात व परस्परांना घट्ट धरून ठेवतात. ही पकड सोडवून साधे मीठ वितळविण्यास सुमारे ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागते. परंतु आयन मोठा आणि बेढब असला तर रांगा नीट जुळत नाहीत, पकड सैल पडते, आणि वितळबिंदू झपाट्याने खाली येतो. एथिल गटाची शेपटी लागलेला अमोनियम आयन हा असाच बेशिस्त पाहुणा होय. रायांच्या हाती आलेला द्रव पाण्यात विरघळलेले लवण नव्हते; ते लवणच द्रवरूप होते, केवळ आयनांचा बनलेला द्रव. त्या काळी या भेदाला नाव नव्हते. आज १०० अंशांखाली वितळणाऱ्या अशा लवणांना आयनिक द्रव म्हणतात.

तीन वर्षांनी, १९१४ मध्ये, सेंट पीटर्सबर्गच्या शास्त्रीय अकादमीच्या पत्रिकेत पाउल वाल्डेन यांनी एथिलअमोनियम नायट्रेटाचे वर्णन केले. वितळबिंदू १२ अंश. आणि हे लवण टिकाऊ होते. नायट्राइट आणि नायट्रेट, एका ऑक्सिजन अणूचा फरक. वाल्डेन यांना वितळलेल्या लवणांची विद्युत्-संवाहकता भट्टीच्या उष्णतेवाचून मोजावयाची होती, म्हणून त्यांनी असे पदार्थ हेतुपूर्वक शोधले. रायांना असा हेतू नव्हता. दीर्घकाळ या शाखेचा जनक म्हणून वाल्डेन यांचेच नाव घेतले गेले; रायांच्या नोंदीकडे अभ्यासकांचे लक्ष गेले ते फार उशिरा. दोघांच्या आयुष्यात एक योगायोग आहे: वाल्डेनही उत्तरायुष्यात रसायनशास्त्राचे इतिहासकार झाले.

अग्रहक्काचा हा प्रश्न भावनेने सोडविण्यासारखा नाही. रायांनी आयनिक द्रव शोधला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्यांनी त्याची संवाहकता मोजली नाही, विद्रावक म्हणून त्याचा विचार केला नाही. त्यांच्या दृष्टीने न गोठणे ही त्या संयुगाची एक खोड होती. पण खोडही नोंदवावयाची असते, गोठणमिश्रणात धरून पाहावयाची असते, हे शील ज्याच्या अंगी नसते त्याच्या हातून ही ओळ लिहिलीच गेली नसती. पोथीतील कृती चुकीची निघाली तरी तशीच छापणारा संपादक आणि न गोठणारे लवण तसेच नोंदविणारा रसायनज्ञ यांत एकच माणूस दिसतो.

द्रवाची पुढील कथा अमेरिकेत घडली. १९५१ साली हर्ले व वायर यांनी ॲल्युमिनियम क्लोराइड व एथिलपिरिडिनियम ब्रोमाइड यांच्या मिश्रणातून सामान्य तापमानास ॲल्युमिनियमचा मुलामा देण्याची रीत प्रसिद्ध केली. विमानदलाच्या अकादमीतील जॉन विल्क्स प्रभृतींनी १९८२ मध्ये विद्युत्-घटांच्या शोधात इमिडॅझोलियमची लवणे पुढे आणली, आणि १९९२ मध्ये हवेत व पाण्यात टिकणारे प्रकार हाती आल्यावर हा विषय सर्वदूर पसरला. फारसे न उडणारे, बहुधा पेट न घेणारे व वीज वाहणारे हे द्रव विद्रावक म्हणून, धातूंच्या पृथक्करणासाठी, सेल्युलोज विरघळविण्यासाठी उपयोगी पडू लागले. चेन्नईच्या दक्षिणेस सुमारे सत्तर किलोमीटरवर, कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रात वितळलेल्या लवणांची दोन्ही रूपे अभ्यासली गेली आहेत. लिथियम क्लोराइड सुमारे ६०५ अंशांस आणि पोटॅशियम क्लोराइड ७७० अंशांस वितळते, पण दोहोंचे योग्य मिश्रण ३५० अंशांच्या आसपासच वितळते. अशा मिश्रणात वापरलेल्या धातुरूप अणुइंधनाचे विद्युत्-शुद्धीकरण करण्याची रीत तेथे विकसित करण्यात आली, आणि सामान्य तापमानाचे आयनिक द्रव युरेनियम, पॅलेडियम यांसारख्या धातूंच्या निष्कर्षणासाठी तपासले गेले.

मद्रासशी रायांचा अधिक जिवंत संबंध मात्र शिष्यामार्फत जडला. कलकत्त्यातील त्यांच्या शिष्यमंडळात नीलरतन धर, ज्ञानेंद्रचंद्र घोष, ज्ञानेंद्रनाथ मुखर्जी, मेघनाद साहा अशी नावे होती. घोषांनी १९१८ मध्ये तीव्र विद्युत्-विच्छेद्यांचे पूर्ण आयनीभवन होते असा सिद्धान्त मांडला. १९२३ मध्ये डेबाय व ह्युकेल यांनी त्यास मागे टाकले तरी काही काळ युरोपात त्याची चर्चा होती. याच मंडळातील बिमानबिहारी डे मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात रसायनाचे प्राध्यापक झाले. समुद्रकिनाऱ्यावरील त्या तांबड्या इमारतीत त्यांनी कूमरिन वर्गाच्या संयुगांवर संशोधनाची परंपरा सुरू केली आणि विजेच्या साहाय्याने कार्बनी संयुगांचे क्षपण करण्याच्या पद्धतींवर काम केले. टी. आर. शेषाद्री १९२० नंतरच्या दशकात तेथेच संशोधनास लागले व पुढे मँचेस्टरला रॉबर्ट रॉबिन्सन यांच्याकडे गेले, टी. आर. गोविंदाचारी हेही डे यांचेच विद्यार्थी, ज्यांनी नंतर मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्राची धुरा वाहिली. बंगालमधील एका प्रयोगशाळेची शाखा अशा रीतीने तमिळनाडूतून फिरून महाराष्ट्रात पोहोचली. रायांचे शिष्य हेच त्यांचे खरे शोध होत, असे जे म्हटले जाते ते त्यांच्या शोधांना कमी लेखणारे आहे. पण त्यात तथ्यांश आहे खरा.

महाराष्ट्राशी त्यांचे नाते गोपाळ कृष्ण गोखले यांच्यामुळे जुळले. कायदेमंडळाच्या कामासाठी गोखले कलकत्त्यास राहत, तेव्हा राय त्यांच्याकडे नित्य येत. १९०२ च्या आरंभी गांधीजी गोखल्यांकडे उतरले असता गोखल्यांनी रायांची ओळख करून दिली ती त्यांच्या रसायनावरून नव्हे. आठशे रुपये पगारातील चाळीस स्वतःसाठी ठेवून बाकीचे लोककार्यास देणारा अविवाहित प्राध्यापक म्हणून. त्याच महिन्यात आल्बर्ट हॉलमध्ये दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांच्या स्थितीवर गांधीजींचे व्याख्यान झाले, त्यामागे रायांचा पुढाकार होता. १९१६ मध्ये सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन ते कलकत्ता विद्यापीठाच्या विज्ञान महाविद्यालयात पालित प्राध्यापक झाले. १९१९ साली ‘सर’ ही पदवी मिळाली. १९२० साली भारतीय विज्ञान परिषदेचे अधिवेशन नागपूरला भरले, त्याचे अध्यक्ष तेच होते. १९२१ साली साठी गाठताच त्यांनी यापुढील आपला सर्व पगार रसायन विभागाला देऊन टाकला. खुलन्याचा दुष्काळ, १९२२ चा उत्तर बंगालमधील महापूर, या प्रसंगी प्रयोगशाळेचे रूपांतर मदतकचेरीत झाले. चरख्याविषयी आरंभी साशंक असलेला हा कारखानदार पुढे त्याचा पुरस्कर्ता बनला आणि १९२३ मध्ये मद्रास इलाख्यात काकिनाडा येथे काँग्रेस भरली तेव्हा खादी प्रदर्शनाचे उद्घाटन त्यांच्या हस्ते झाले. यंत्रोद्योग उभारणाऱ्याने चरखा उचलून धरावा, यातील विसंगती टीकाकारांनी दाखविली. पूरग्रस्त खेड्यांत रिकाम्या हातांनी बसलेली माणसे ज्याने पाहिली त्याला ती विसंगती वाटली नाही. १९२४ मध्ये इंडियन केमिकल सोसायटी स्थापन झाली व पहिले अध्यक्षपद साहजिकच त्यांच्याकडे आले.

भाषेच्या प्रश्नावर राय ठाम होते. शोधनिबंध व इतिहास त्यांनी इंग्रजीत लिहिले ते जगाला उद्देशून. पण शाळकरी मुलांसाठी प्राणिशास्त्राचे पुस्तक १८९३ मध्येच बंगालीत लिहिले, आणि राजशाही येथील बंगीय साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविताना विज्ञान मातृभाषेत आल्यावाचून रुजणार नाही हाच विषय घेतला. आपल्याकडे कोल्हापूरच्या बाळाजी प्रभाकर मोडकांनी मराठीतून शास्त्रीय ग्रंथ लिहिण्यात आयुष्य वेचले, ते याच श्रद्धेने. १९३२ मध्ये रायांच्या इंग्रजी आत्मचरित्राचा पहिला खंड व १९३५ मध्ये दुसरा निघाला. बंगाली ‘आत्मचरित’ १९३७ साली आले. पहिल्या खंडात माणूस दिसतो, दुसऱ्यात बंगालच्या अर्थकारणाविषयीची तळमळ माणसाला झाकून टाकते. १९३६ मध्ये अध्यापन संपले, वाचन संपले नाही. बालपणीच्या आजारात जडलेले शेक्सपिअरचे वेड वृद्धापकाळी पुन्हा उफाळून आले व ‘कलकत्ता रिव्ह्यू’त त्यांनी त्याच्यावर लेखमाला लिहिली. विज्ञान महाविद्यालयाच्या इमारतीतील एका साध्या खोलीत, भोवती विद्यार्थी ठेवून, ते अखेरपर्यंत राहिले. बंगालच्या भीषण दुष्काळाचे सावट अजून ओसरले नसताना, १६ जून १९४४ रोजी, त्याच खोलीत त्यांचे निधन झाले.